बस्त्याच्या दिवशी बाळाला घेऊन हॉटेलात जेवताना

लग्नाचा बस्ता म्हटलं की खानापूर, चंदगड, निपाणीकडची मंडळी सकाळीच बेळगावात उतरतात. खडेबाजार, गणपत गल्ली, शहापूर करता करता दीड-दोन वाजतात आणि मग आठ-दहा माणसं एकदम जेवायला बसतात. कुणी मोठ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावरच्या रेस्टॉरंटात, कुणी मॉलच्या फूड कोर्टात, कुणी कोपऱ्यावरच्या उडपी हॉटेलात. सोबत सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंतचं बाळ असेल तर हे जेवण नीट पार पाडायला थोडी आधीची तयारी लागते. तीच इथे सांगतो आहोत.

मुख्य गोष्ट आधी. बाळाचं जेवण हॉटेलच्या मेनूत शोधू नका. ते घरून न्या आणि हॉटेलकडून चारच गोष्टी मागा: उकळतं पाणी, कोरा भात, रिकामी वाटी-चमचा आणि भिंतीकडची जागा. एवढं कुठलंही हॉटेल आनंदाने देतं, मग ते एसी हॉल असो नाहीतर साधी खानावळ.

मेनूतलं का नको? एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या खाण्यात वरून मीठ आणि साखर घालू नये, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. हॉटेलात डाळ सकाळीच मोठ्या पातेल्यात मीठ-हळद घालून शिजवलेली असते. तुम्ही 'बिनतिखट द्या' म्हटलंत की फक्त वरची फोडणी टळते, मीठ आतच राहतं. इडली-डोशाच्या पिठात मीठ आधीच कालवलेलं असतं. सांबारात चिंच, गूळ, मिरची सगळंच. पांढरी चटणी दिसायला सौम्य, पण तिच्यात हिरवी मिरची असते आणि बऱ्याच ठिकाणी शेंगदाणे किंवा डाळंही. बाळाने शेंगदाणा अजून घरी खाल्लेला नसेल तर तो पहिल्यांदा हॉटेलात पोटात जाऊ देऊ नका. शेंगदाणा, अंडं, गहू, मासळी असा कुठलाही नवा पदार्थ घरी, सकाळच्या वेळी, थोडासा देऊन पाहावा. अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले, उलटी झाली तर दवाखाना जवळ आणि दिवस हाताशी असतो.

बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर प्रश्नच मिटला. फक्त आईचं दूध. पाणीसुद्धा नाही, उन्हाळ्यातही नाही.

घरून काय न्यायचं

सगळ्यांचा पहिला विचार खिचडीचा असतो. खिचडी न्यायला हरकत नाही, पण थर्मासचा डबा नीट वापरला तरच. आधी डब्यात उकळतं पाणी भरून पाच मिनिटं झाकून ठेवा, ते ओता आणि लगेच गॅसवरून उतरलेली वाफाळती खिचडी काठोकाठ भरा. अर्धा भरलेला डबा लवकर निवतो, कारण उष्णता धरून ठेवणारं अन्नच आत कमी असतं. जेवायच्या वेळी झाकण उघडल्यावर वाफ यायला हवी. नुसती कोमट लागली आणि घरातून निघून दोन तासांहून जास्त झाले असतील तर ती बाळाला देऊ नका. शिजलेला भात कोमट राहिला की त्यात जे जंतू वाढतात त्यांचं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. वास आणि चव मात्र चांगलीच राहते, म्हणून फसगत होते.

दूरवरून येणाऱ्यांनी आणि ज्यांच्या खरेदीला वेळेचा भरवसा नाही त्यांनी (बस्त्याला कधी असतो?) पोह्यांची पूड न्यावी. पातळ पोहे निवडून, कोरडेच मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत भाजा, गार करून मिक्सरला बारीक दळा आणि चाळून घट्ट झाकणाच्या डबीत भरा. हॉटेलात वाटीत दोन मोठे चमचे पूड घ्या, त्यावर साधारण अर्धा कप उकळतं पाणी हळूहळू ओतत ढवळा म्हणजे गुठळ्या होत नाहीत, आणि तीन-चार मिनिटं झाकून ठेवा. फुगून घट्ट झाली की अर्धं केळं कुस्करून घाला, घरून नेलेलं अर्धा चमचा तूप वर. पोहे मुळात शिजवून चेपलेले असतात, म्हणून हे नुसत्या गरम पाण्यात होतं. साळीच्या लाह्यांच्या पिठाचंही तसंच. पण नाचणीचं सत्व किंवा भाजलेल्या डाळ-तांदळाचं खिमटीचं पीठ या पद्धतीने चालत नाही. ते आठ-दहा मिनिटं गॅसवर शिजावंच लागतं. गरम पाण्यात कालवलेलं कच्चं पीठ दिलं की संध्याकाळी पोट दुखतं आणि दोष उगाच हॉटेलला जातो.

केळं तर असावंच. सालीसकट प्रवास करतं, धुवायचं नाही, शिजवायचं नाही, आणि कुठल्याही गल्लीत गाडीवर मिळतं. पिकलेलं, सालीवर ठिपके आलेलं घ्या. मधला काळसर बियांचा भाग सहा-सात महिन्यांच्या बाळासाठी काढून टाका.

प्रमाण किती? सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला एका वेळी दोन-तीन मोठ्या चमच्यांपासून सुरुवात करून हळूहळू पाव लिटरच्या वाटीची अर्धी वाटी. नऊ ते अकरा महिन्यांत अर्धी वाटी. वर्षानंतर पाऊण ते पूर्ण वाटी. परक्या जागी, गोंगाटात, बाळ याच्या निम्मंच खातं. त्यात काळजीचं काही नाही. बळेबळे चमचा कोंबू नका. दूध आहे, घरी गेल्यावर जेवण आहे.

पाणी घरचं, उकळून गार केलेलं. टेबलावरच्या जगमधलं फिल्टरचं पाणी मोठ्यांना ठीक. पावडरचं दूध देत असाल तर डबीत मोजून घेतलेली कोरडी पावडर आणि थर्मासमध्ये उकळतं पाणी वेगवेगळं न्या आणि आयत्या वेळी बनवा. पाणी निदान 70 अंश तरी गरम हवं, कारण पावडर निर्जंतुक नसते. बाटली वाहत्या नळाखाली धरून कोमट करा. तयार केलेलं दूध दोन तासांच्या आत वापरावं, आणि बाळाने तोंड लावलेलं तासाभरानंतर टाकून द्यावं. काढलेलं आईचं दूध साध्या हवेत चार तास टिकतं. बर्फाच्या पिशव्या घातलेल्या इन्सुलेटेड पिशवीत दिवसभर.

वेळ आणि जागा

बाळाच्या पोटावर वेळ ठरवा, खरेदीवर नाही. साडेबारा ते अडीच ही हॉटेलांची गर्दीची वेळ. पावणेबाराला किंवा साडेअकराला बसलात तर जागा मनासारखी मिळते, वेटरला तुमचं ऐकायला सवड असते आणि बाळाची दुपारची झोप मोडत नाही. बाकीची मंडळी दुकानात शालू उलगडत बसली असतील तर आई, बाळ आणि एक माणूस आधी जाऊन जेवून घ्या. सगळे एकदम बसले पाहिजेत हा आग्रह अशा दिवशी सोडावा.

गणपत गल्ली, मारुती गल्लीच्या गर्दीत बाबागाडीचा उपयोग नाही. तिथे कडेवर किंवा झोळीसारख्या कॅरियरमध्ये घ्या. बाळाची हनुवटी छातीवर टेकलेली नको आणि तोंड-नाक कापडाने झाकलेलं नको. मॉलमध्ये बाबागाडी चालते, पण सरकत्या जिन्यावर नेऊ नका. लिफ्ट शोधा. बाबागाडीच्या दांड्यावर साड्यांच्या पिशव्या अडकवल्या की बाळाला उचलताच गाडी मागे उलटते. वजन खालच्या जाळीत ठेवा.

बसायला कोपरा मागा, आणि बाकासारखी लांब सीट असेल तर तीच. स्वयंपाकघराच्या दाराजवळ, वेटरच्या येण्याजाण्याच्या वाटेवर आणि एसीच्या झोताखाली बसू नका. बऱ्याच हॉटेलांत पडद्याची फॅमिली रूम असते. अंगावर पाजायला ती सगळ्यांत सोयीची. नसेल तर भिंतीकडे तोंड करून बसा, शेजारी घरच्या बाईमाणसाला बसवा, पदर किंवा ओढणी पुरते. त्या दिवशी पुढून उघडणारा कुर्ता किंवा पुढे हूक असलेला ब्लाऊज घालावा. कपड्यांच्या मोठ्या दुकानात ट्रायल रूम मागितली तर सहसा देतात, फक्त गर्दीच्या आधी विचारा. स्वच्छतागृहात बसून पाजायची वेळ कुणाही आईवर येऊ देऊ नका. सोबतच्या माणसांनी उठून जागा मागावी. ते त्यांचं काम आहे.

वेटर मराठी बोलतात, पण आचारी आणि नवी पोरं कधी कधी फक्त कन्नड समजतात. 'कूसिगे, खारा ब्याड्री' म्हणजे बाळासाठी आहे, तिखट नको. 'उप्पू ब्याड्री' म्हणजे मीठ नको. 'बिसी नीरू कोड्री' म्हणजे गरम पाणी द्या. एवढ्यावर काम भागतं आणि माणसं आपुलकीने वागतात.

उंच खुर्ची

बाळ आधाराशिवाय नीट बसत असेल तरच उंच खुर्चीत ठेवा, म्हणजे साधारण सहा-सात महिन्यांनंतर. मान डुगडुगत असेल किंवा बाळ एका बाजूला कलत असेल तर मांडीच बरी. खुर्ची आली की आधी रिकामीच हलवून पाहा, चारही पाय टेकतात का ते बघा. पट्टा कमरेचा आणि दोन पायांमधला, दोन्ही हवेत. पायांमधला पट्टा नसेल तर बाळ खाली घसरतं आणि ट्रेच्या कडेला हनुवटी अडकते. पट्टा तुटलेला असेल तर ओढणीने बांधण्याची युक्ती करू नका. खुर्ची परत द्या.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. खुर्ची टेबलाच्या इतकी जवळ ओढतात की बाळाचे पाय टेबलाच्या कडेला टेकतात. मग बाळ पायाने जोर लावतं आणि खुर्चीसकट मागे जातं. पाय टेबलाला पोहोचणार नाहीत इतकं अंतर ठेवा. ट्रे हॉटेलच्या फडक्याने पुसून घेऊ नका. त्याच फडक्याने आधीची दहा टेबलं पुसलेली असतात. स्वतःच्या ओल्या रुमालाने पुसा.

बाळाला बसवण्याआधी सीट आणि टेबल हाताने चाचपा. बस्त्याच्या पिशव्या तिथेच ठेवलेल्या असतात. नव्या शर्टांच्या घडीत टाचण्या असतात, कॉलरखाली प्लास्टिकच्या पट्ट्या, साडीवर पातळ पॉलिथिनची पिशवी. टाचणी बाळाच्या बोटांना लगेच सापडते आणि तिथून तोंडात जाते. पॉलिथिन तोंडावर चिकटलं तर बाळाला ते काढता येत नाही. म्हणून पिशव्या टेबलापासून लांब, एका माणसाच्या ताब्यात.

गरम चहा, गरम सांबार

मीठ-मसाल्यापेक्षा मोठा धोका हा आहे. बाळाची कातडी पातळ असते. आपल्याला पिण्याजोगा वाटणारा चहाही तिला भाजतो. आठ-नऊ महिन्यांचं बाळ मांडीवरून झटक्यात पुढे झुकतं, कप ओढतं, टेबलावर कापड असेल तर कापडच खेचतं. त्यामुळे वेटरला आधीच सांगा की गरम ताटं बाळाच्या डोक्यावरून द्यायची नाहीत, समोरच्या बाजूने ठेवायची. चहा, सूप, सांबार बाळाच्या हाताच्या टप्प्याच्या दुप्पट लांब. मांडीवर किंवा कॅरियरमध्ये बाळ असताना गरम काही पिऊ नका. दोघांपैकी एकाने आधी जेवावं, दुसऱ्याने बाळ सांभाळावं, मग अदलाबदल. उकळतं पाणीही टेबलावर उघड्या भांड्यात मागवू नका. थर्मास घेऊन एकाने काउंटरवर जावं आणि भरून, झाकण लावून आणावं.

तरीही अंगावर सांडलंच तर लगेच ओले कपडे काढा (कातडीला चिकटले असतील तर ओढू नका) आणि भाजलेला भाग नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरा. वीस मिनिटं म्हणजे पुरती वीस. बाकीचं अंग टॉवेलने उबदार ठेवा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप काही लावायचं नाही. मग स्वच्छ कापड सैलसर झाकून दवाखाना. तोंड, हात किंवा जांघेजवळ भाजलं असेल, फोड आले असतील तर वाट पाहू नका. बेळगावात बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं जिल्हा रुग्णालय आणि केएलई हॉस्पिटल दोन्ही शहरातच आहेत, आणि 108 ला फोन केला की रुग्णवाहिका येते.

आपल्या ताटातलं काय चालतं

कोरा भात बहुतेक हॉटेलांत बिनमिठाचा असतो. आधी चाखून खात्री करा, मग बोटांनी कुस्करून घरच्या वरणात किंवा खिमटीत मिसळा. पाकीटबंद साधं दही, नंदिनीचं मिळतं ते, थोडंसं कालवायला चांगलं. हॉटेलचं ताक नको. त्यात मीठ, आलं, मिरची असते.

खानावळीत ज्वारीची भाकरी असेल तर आठ-नऊ महिन्यांनंतरच्या बाळाला ती उत्तम, कारण आपल्याकडे भाकरीच्या पिठात सहसा मीठ घालत नाहीत. पण द्यायची रीत आहे. वरचा पापुद्रा सोलून बाजूला ठेवा. तो पातळ आणि चिवट असतो, टाळूला चिकटतो आणि बाळाला उबळ येते. आतला मऊ भाग तेवढा घ्या, करपलेले डाग काढा, गरम पाण्यात पाच मिनिटं भिजवा आणि चमच्याच्या पाठीने चेपून गोळा मोडा. पापुद्रा आईने झुणक्याबरोबर खावा.

इडली वर्ष पूर्ण झालेल्या बाळाला चालते. मधला मऊ भाग, सांबाराशिवाय, लहान तुकड्यांत. कोरडी इडली घशात बसते, म्हणून आधी गरम पाण्याने ओलसर करा. डोसा, वडा, पापड यांच्या कडक कडा नकोत. शेंगदाणे, फुटाणे, चिवडा, शेव, अख्खी द्राक्षं, कच्च्या गाजराचे तुकडे चार-पाच वर्षांपर्यंत जपूनच.

आणि बिलाबरोबर येणारी बडीशेप. रंगीत, साखर चढवलेली, बाळाच्या नजरेत भरणारी. ती बशी वेटरच्या हातातच थांबवा, टूथपिकसकट.

घास अडकला असं वाटलं तर आधी आवाज ऐका. बाळ खोकतं आहे, ओ ओ करतं आहे, चेहरा लाल झाला आहे, तर त्याचं त्याला खोकू द्या. पाठीवर थोपटू नका, तोंडात बोट घालू नका, त्याने घास आणखी आत जातो. पण आवाजच बंद झाला, रडता येईना, ओठ निळसर दिसू लागले तर क्षणही दवडायचा नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं घ्या, डोकं छातीपेक्षा खाली, जबडा बोटांनी धरलेला. पाठीवर दोन खवाट्यांच्या (खांद्यामागच्या पसरट हाडांच्या) मध्ये तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पाच जोरकस थापा. निघालं नाही तर उताणं करून छातीच्या मधल्या हाडावर, स्तनाग्रांच्या रेषेच्या जरा खाली, पाच वेळा दाब. पुन्हा पाच थापा, पुन्हा पाच दाब. पोट दाबायचं नाही. दुसऱ्याने तेवढ्यात 108 लावावा. ही कृती घरच्या दोघांनी तरी बाहुलीवर करून पाहिलेली असावी. वाचून आयत्या वेळी हात चालत नाही.

मंडळींचं प्रेम

बस्त्याला आत्या, मावशी, दोन्हीकडच्या आज्या सगळ्याच असतात, आणि प्रत्येकीला बाळाच्या जिभेला काहीतरी लावायचं असतं. कुंदा, चहात बुडवलेलं बिस्कीट, बोटावर गूळ, गोकाकच्या करदंटाचा तुकडा. कुंदा म्हणजे आटवलेलं दूध आणि साखर. वर्षाच्या आत नकोच. करदंटात डिंक आणि सुक्यामेव्याचे तुकडे, ते चावायला दात हवेत. मध तर वर्षापर्यंत चाटणालासुद्धा नाही. त्यातल्या जंतूंमुळे बाळाला बोटुलिझम होऊ शकतो, आणि मध शुद्ध आहे की नाही याचा त्याच्याशी संबंध नाही.

नाही म्हणायचं ते जेवणाआधीच, गोडीत म्हणा. 'आत्या, डॉक्टरांनी वर्षापर्यंत मीठ-साखर बंद सांगितलीय. तुम्ही हे केळं भरवता का?' हातात काम दिलं की माणूस दुखावत नाही, आणि भरवणारे हातही वाढतात. सासूबाईंना मुलाने सांगावं, सुनेवर सोडू नये.

उठताना

लंगोट किंवा डायपर जेवणाच्या टेबलावर, बाकावर बदलू नका. बदलायची जागा फार थोड्या ठिकाणी असते. गाडी असेल तर मागची सीट, नाहीतर वॉशबेसिनपासून लांब कोरड्या कोपऱ्यात स्वतःचं मेणकापड पसरून. घाणेरडा डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून झिपच्या पिशवीत घाला आणि बाहेरच्या कचरापेटीत टाका. त्यानंतर हात साबणानेच धुवा. शी लागलेल्या हाताला सॅनिटायझर पुरत नाही.

बाळाच्या वाटीतलं उष्टं परत डब्यात भरू नका. लाळ मिसळलेलं अन्न प्रवासात लवकर आंबतं. चमचा-वाटी उरलेल्या गरम पाण्याने विसळून वेगळ्या पिशवीत ठेवा. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर बेळगावची हवा गार आणि ओली असते. एसी हॉलमधून थेट बाहेर पडण्याआधी बाळाचा ओला गळपट्टा काढून कोरडं झबलं आणि टोपी घाला. जेवल्या जेवल्या कॅरियरमध्ये आवळून बांधू नका. दहा मिनिटं खांद्यावर उभं धरून ढेकर येऊ द्या, तेवढ्यात दुसऱ्याने बिल भागवावं.